बाईंची बिनधुराची गाडी

बंद पडलेली जीप ढकलणारे लई बघितले. पण किल्ली फिरवताच सुरू होणारी, धडधाकट जीप रोज सकाळी हातानं ढकलत रस्त्यापर्यंत नेणारा ड्रायव्हर बीदरात मी एकटाच असेन. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, त्या घरात राहिलो तोवर रोज.

कारण आमच्या घरमालकीणबाई. नौबादला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या माझ्याकडं भाड्यानं होत्या. पुढं त्या आणि त्यांचे मालक, मधे फरशीचं अंगण, अंगणात एका बाजूला माझी जीप. बीदर, औराद, चिंताकी अशी माझी लाईन. वडापचा धंदा. पुढं चार, मधे पाच, मागं जेवढे लटकतील तेवढे. राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप चालू केली, इंजिन तापू दे म्हणून तशीच जागेवर ठेवली आणि तोंड धुवायला गेलो. परत येतो तर जीप बंद आणि किल्ली बाईंच्या हातात.

"ड्रायव्हर, हा धूर कुणाचा?"

"जिपेचा," मी म्हटलं.

"जीप कुणाची?"

"माझी."

"मग तुझा धूर तू घरी घेऊन जा. माझ्या दारात कशाला सोडतोस?"

मी म्हटलं, "बाई, आता माझं घर हेच हाय की."

"हे माझं घर. तुझ्या खोल्या मागं आहेत. दार उघड आणि आत सोड."

मी चौथी पास. पण बोलण्यात कुणाला हार जाणारा मी नाही, औरादच्या स्टँडवर जाऊन विचारा. तरी त्या सकाळी मी किल्लीसाठी नुसता हात पुढं केला. किल्ली मिळाली ती अटीवर. अंगणात इंजिन चालू करायचं नाही. जीप ढकलत रस्त्यावर न्यायची, कोपऱ्यावरच्या लिंबाच्या पलीकडं गेल्यावर सेल मारायचा. मी म्हटलं, एकट्याला ढकलत न्हाई ही. "एकट्यानं ढकल असं कोण म्हणालं?" असं म्हणत त्यांनी पदर खोचला आणि मागं जाऊन दोन्ही हात लावले.

मराठी शाळेच्या हेडबाई म्हणून निवृत्त झालेल्या, साठी गाठलेल्या बाई माझ्याबरोबर रोज जीप ढकलायच्या. गल्लीतले लोक दारात येऊन बघत उभे राहायचे. मला मान वर करवत नसे. त्यांना काही वाटायचं नाही. लिंबापाशी पोचलो की हात झटकायच्या. "झाला व्यायाम. जा आता, लोकांच्या गावात धूर कर."

खोली सोडून दुसरीकडं कामून गेला न्हाईस, असं लोक विचारायचे. गेलो असतो तर हरलो असं दिसलं असतं. बाईंनीबी मला जा म्हटलं नाही. त्यांचंबी तेच असणार.

माझ्यावर खूश असल्या की त्या मला अरेतुरे करायच्या. रागावल्या की अहोजाहो. "अहो ड्रायव्हर, जरा इकडे या" असं ऐकलं की मी पायात चपला घालून लाईनवर पळायचो.

धुराशी त्यांचं एवढं वैर कशासाठी, ते कळायला मला थोडे दिवस लागले. त्यांचे मालक आत खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा बसच्या डेपोत मेकॅनिक होते. सगळा जन्म चालू इंजिनाच्या पुढंमागं उभं राहून काढला आणि निवृत्त झाले ते छातीचं दुखणं घेऊन. धूर नाकात गेला की त्यांना दम लागायचा. बसका, शिट्टीसारखा आवाज यायचा छातीतून. ओठ निळे पडायचे. एकदा दवाखान्यातून येताना बसमधून मधेच उतरवून रस्त्याकडेला झोपवावं लागलं. तेव्हापासून बस बंद, जीप बंद, ऑटो बंद. घरात रॉकेलचा स्टोव्ह बंद, उदबत्तीसुद्धा बंद. बुद्धाच्या फोटोपुढं बाई नुसतं फूल ठेवायच्या. स्वयंपाक करंटच्या शेगडीवर. लाईट गेली की सगळं घर चुरमुरे खाऊन बसायचं.

अप्पा तक्रार करणारे नव्हते. एकच गोष्ट बोलायचे. चिंताकीला त्यांची थोरली बहीण होती. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, बाजेवरून उठता येत नव्हतं. बसच्या पायऱ्या चढणं तिच्यानं होत नव्हतं, आणि बसच्या धुरात जाणं यांच्यानं होत नव्हतं. भाऊ नौबादला, बहीण चिंताकीला. कित्येक वर्षं दोघांची गाठ नाही. मी लाईनवरून आलो की अप्पा खिडकीतून विचारायचे, "दिसली का रे?" मी म्हणायचो, दिसली, शिव्या द्यायली होती. ते हसायचे, मग खोकायचे.

बाईंच्या पिशवीत पांढरे रुमाल असायचे. बीदरच्या स्टँडवर कुठली बस किंवा ट्रक उगीच इंजिन चालू ठेवून उभा दिसला की त्या मागं जायच्या, सायलेन्सरपुढं रुमाल धरायच्या, आणि तो काळा झालेला रुमाल नेऊन ड्रायव्हरच्या हातात द्यायच्या. "घ्या. तुमचंच आहे, राहिलं होतं." काही ड्रायव्हर हसायचे. काही शिव्या द्यायचे, पण इंजिन बंद करायचे. एकदा एका कलबुर्गीकडच्या ट्रकवाल्यानं कानडीत लई वाईट काहीतरी म्हटलं. बाईंनी त्याला त्याच्याच कानडीत विचारलं, कुठल्या शाळेत होतास, कोण होते तुझे मास्तर. तो खाली उतरून उभा राहिला. मोठा मिशीवाला माणूस, हात मागं बांधून.

अशा बाईंच्या दारात एक दिवस लॉरी येऊन थांबली आणि लॉरीतून ती गाडी उतरली.

त्यांचा पोरगा बेंगळूरला कम्प्यूटरमध्ये होता. आमच्याकडची शिकलेली पोरं तेव्हा पुण्याला नाही तर बेंगळूरला जायला लागली होती. हा तिथून पुढं अमेरिकेला निघाला आणि जाताना आपली बारकी गाडी आईला पाठवून दिली. गाडी कसली, माझ्या जिपेच्या मागच्या भागात मावली असती. दोन दारं, पुढं दोन माणसं, मागं एखादं लेकरू बसेल एवढी जागा. बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही! मी खाली वाकून बघितलं, सायलेन्सरबी नाही. सीटच्या खाली बॅटऱ्याच बॅटऱ्या.

"पेट्रोल कुठं टाकायचं?" मी विचारलं.

बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक जाड वायर बाहेर काढली आणि गाडीच्या बगलेत खोचली. "इथं."

मी लई हसलो. गल्लीबी हसली. बाई म्हणाल्या, "हस. उद्यापासून मला काही ढकलायचं नाही, तू तुझी एकट्यानं ढकल."

गाडी शिकायला त्यांना मी लागलो नाही. क्लच नाही, गियर नाही, एक बटन फिरवलं की पुढं, उलटं फिरवलं की मागं. शाळेच्या मैदानावर चार दिवस फिरल्या आणि रस्त्यावर आल्या. आवाज म्हणून नाही. त्याची एक अडचण होती. आमच्याकडच्या म्हशी रस्त्यात बसतात आणि मागं इंजिन गुरगुरलं की मग सावकाश उठतात. बाईंच्या गाडीला म्हशी उठतच नसत. गाडी आली हेच त्यांना कळत नसे. हॉर्न मारणं बाईंना पसंत नव्हतं. त्या खाली उतरायच्या, म्हशीच्या पुढं जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ बाई, मला जायचंय." मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हैस उठायची.

आणि गाडीचे गुण सांगायला लागल्या की थांबायच्या नाहीत. धूर नाही. तेल नाही. तेलाचा भाव वाढला असं पेपरात आलं की माझं तोंड उतरायचं, बाई पेपर घडी करून ठेवायच्या. इंजिन ऑईल नाही, फिल्टर नाही, बेल्ट नाही. रविवारी बॅटऱ्यांमध्ये पाणी घालायचं, तेबी दुकानातलं शुद्ध पाणी, एवढीच तिची खिदमत. "आणि मुख्य म्हणजे," असं म्हणून त्या बोट वर करायच्या, "ही कुणाच्या दारात काही सांडून जात नाही."

मला एका पॅसिंजरनं सांगितलं होतं की करंट रायचूरकडं दगडी कोळसा जाळून करतात. मी ते पोटात धरून ठेवलं आणि एक दिवस बाईंना ऐकवलं. "बाई, तुमचा धूर रायचूरला निघतोय. तिथल्या लोकान्ला देऊन या रुमाल."

त्या दिवशी बाई सरळ आत निघून गेल्या. मी जिंकलो म्हणून चहाला जास्त साखर घालून प्यालो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आल्या.

"खरं आहे तुझं. धूर तिथं निघतो. पण तिथं एक धुराडं आहे, उंच आहे, त्याला उद्या कोणी काही जाळी लावू म्हणालं तर एका जागी लावता येईल. तुझ्यासारखे हजार जण हजार दारांत धूर सोडतात, त्यांना कुठं कुठं जाळी लावू? आणि एक सांगते. रायचूरचं धुराडं माझ्या नवऱ्याच्या खिडकीखाली नाही."

मी अजूनबी म्हणतो की डिझेलवर जी ताकद आहे ती करंटमध्ये नाही. घाटात भरून चाललेली जीप बघा आणि मग बोला. पण रायचूरचं नाव मी बाईंपुढं परत काढलं नाही हेबी खरं.

त्या गाडीच्या बॅटऱ्या पुढं बसल्या, नव्या मिळेनात. बाईबी गेल्या त्याला आता बराच काळ झाला. गाडी मग अंगणात उभीच होती, पोरं आत बसून खेळायची. पण ती गाडी चालत होती तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली तर बाईंचं काहीच सांगितलं नाही असं होईल.

अप्पांना गाडीत बसवून बाई नौबादभर फिरवायच्या, किल्ल्यापर्यंत न्यायच्या. कित्येक वर्षांनी त्या माणसानं बाहेरचं ऊन अंगावर घेतलं. आणि मग बाईंनी चिंताकीला जायचं काढलं. मी म्हटलं, न्हाई जमायचं, गाडी एका दमात तेवढं जात न्हाई. बाई म्हणाल्या, "मधे भरू." चिंताकीच्या थोडं अलीकडं फाट्यावर एका चाचांची पिठाची गिरणी होती. तिथं आजूबाजूला घरं नाहीत, नुसती गिरणी आणि एक चिंचेचं झाड. बाईंनी मला सांगितलं, चाचांना विचारून ये, दिवसा करंट असतो का. मी शनिवारी विचारलं. चाचा म्हणाले, "हौ, दिन का हय ना करंट. बाई कू बोलो, आ जाव." मी तसंच येऊन सांगितलं.

आता आमच्या खेड्यांतल्या करंटची गोष्ट अशी की एक हप्ता तो दिवसाचा, एक हप्ता रातचा, रातचा म्हणजे दुपार ढळल्यापासून. पाळी सोमवारी बदलते. गिरणीवाल्याला, मोटरवाल्याला, सगळ्यांना ठाऊक. बाई सोमवारी जायला निघाल्यात हे मला कुणी सांगितलं होतं? मला सांगितलं तर मी थट्टा करीन म्हणून त्यांनी दिवस चोरून ठेवला होता. विचारलं त्याचं उत्तर मी आणलं.

आणि सोमवारच त्यांनी का धरला, तेबी ऐका. आमच्या सीमेवर सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैलाचा सुट्टीचा दिवस. औत नाही, गाडी नाही, म्हणून गडीमाणसं घरी आणि बायांना पहाटे चुली पेटवून भाकऱ्या थापायची घाई नाही. बाईंना भीती चुलीचीच होती. गावात सकाळी नि सांजचं सगळ्या चुली एकदम पेटतात आणि धूर गल्लीत भरून राहतो. म्हणून त्यांनी शेजारच्या घरच्या फोनवर नणंदेला निरोप दिला, सोमवारी येतो. आणि नणंदेनं, तिला सगळं गाव आत्या म्हणायचं, बाजेवर पडल्या पडल्या गल्लीला हुकूम सोडला. सोमवारी चूल पेटवायची न्हाई. माझा भाऊ येतोय. सगळ्यांनी रविवारी सांजचंच भाकऱ्या करून ठेवल्या.

एवढा हिशेब केला बाईंनी. चुलीचा केला, बैलाचा केला. करंटची पाळी तेवढी विसरल्या.

मी दहाच्या सुमाराला पॅसिंजर घेऊन फाट्यावर आलो तर चिंचेखाली ती गाडी उभी. अप्पा गिरणीच्या ओट्यापाशी खुर्चीवर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. चाचा दोन्ही हात डोक्याला लावून. "मेरे कू क्या मालूम बाई सोमवार कू आताय बोलके! आता दुपार ढळल्यावर येईल करंट, त्याच्या आधी न्हाई."

काटा बघितला. चिंताकीला पोचेल एवढा जोर बॅटरीत होता.

"जाईल की," मी म्हटलं.

"जाईल," बाई म्हणाल्या. "परत कशी येईल? तिथंही ह्याच तारेवरचा करंट. भरायला तीन तास. तोवर सांजच्या चुली पेटतील. एक गल्ली थांबेल, सगळं गाव थांबेल का? त्या धुरात ह्यांना मी कुठं ठेवू?"

"मग माझ्या जिपेला बांधून ओढत नेतो, ओढत आणतो."

"अहो ड्रायव्हर," बाई म्हणाल्या, "तुमच्या सायलेन्सरच्या मागं बांधू का माझ्या माणसाला?"

माझे पॅसिंजर हसायला लागले. अप्पा हसले नाहीत. "जाऊ," ते म्हणाले. "व्हायचं ते होईल. चार किलोमीटर राह्यलंय."

"नाही."

"मी माझ्या बहिणीला बघायला जायलोय. तुला इचारून न्हाई."

बाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "चूक माझी झाली. सोमवार मी धरला. पण मी तुम्हाला नेणार नाही." अप्पांनी खुर्ची उचलून फिरवली, चिंताकीच्या रस्त्याकडं तोंड करून बसले आणि बाईंकडं पाठ केली.

मला बाई म्हणाल्या, "आत्यांना सांग, येणं होत नाही. करंट आला की परत फिरतो."

मी चिंताकीला गेलो. आत्यांच्या गल्लीत शिरलो तर खरंच, एका घरावर धूर नाही. पोरं शिळी भाकर नि शेंगदाण्याची चटणी खात दारात बसलेली. आत्या बाजेवर, नवं लुगडं नेसून, तक्क्याला टेकून.

"कुठाय?"

मी सांगितलं. गिरणीवर अडकलेत, करंट न्हाई, परत जाणार.

आत्या म्हणाल्या, "तिकडून एवढा लांबून आला, आन मी इथून फाट्याला जाऊ नको व्हय? गाडी जुंपा."

गल्लीतला एक म्हातारा म्हणाला, "आत्या, सोमवार हाय. बैल कोण देईल?"

"तुझ्या जिपेत घाल," आत्या मला म्हणाल्या. आम्ही बघितलं. बसवलं तर त्यांना कळ सहन होईना, आडवं घालावं तर बाज आत जाईना. आणि फाट्यापर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे.

"मग उचला," आत्या म्हणाल्या.

"काय उचला?"

"बाज उचला, काय उचला! माणसं घरात बसून भाकर गिळायलीत, खांदे न्हाईत व्हय रे तुम्हाला?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. जितं माणूस बाजेवर घालून खांद्यावरून न्यायचं, कसं दिसेल ते? आत्या म्हणाल्या, "मेल्यावर उचलणारच हाव की. तवा मला कळणार न्हाई कोण आला, कोण न्हाई आला. आत्ता उचला, मोजून ठेवते."

उचलली. चार खांदे बाजेला, चार बदलायला. माझी जीप मी तिथंच सोडली आणि एक खांदा मीबी दिला. पॅसिंजर बोंबलत राहिले. राहू देत. गावच्या धनगरगल्लीतले दोघं वाटेत भेटले, तेबी लागले. आत्यांनी डोक्याखालच्या गाठोड्यात भाकऱ्या घेतल्या होत्या. त्या एका हातानं ते धरायच्या आणि दुसऱ्या हातानं रस्ता दाखवायच्या, जणू आम्ही रस्ता बघितलाच नव्हता.

वाटेत समोरून एक माणूस सायकलवर आला. आम्हाला बघून उतरला, सायकल कडेला घेतली, टोपी काढून मान खाली घालून उभा राहिला. आत्यांनी मान उचलली. "टोपी घाल मुडद्या, ऊन लागंल. जित्ती हाय मी." त्या माणसाच्या हातून सायकल पडली.

फाटा जवळ आला तेव्हा आम्ही सगळे दमलो होतो, बोलत नव्हतो. आत्यांनाबी ऊन लागून डोळा लागला होता. लुगड्याचा पदर तोंडावर ओढलेला. चढावरून आम्ही गिरणीवरनं दिसायला लागलो.

अप्पा त्याच रस्त्याकडं तोंड करून बसलेले होते. त्यांना काय दिसलं? चिंताकीकडून खांद्यावर बाज येतीय, बाजेवरच्या माणसाचं तोंड झाकलेलं, मागंपुढं गल्लीतलीच माणसं. ते खुर्चीवरून उठले. गिरणीच्या दाराला धरून उभे राहिले. बाई धावत त्यांच्याकडं गेल्या, पण अप्पांनी त्यांचा हात झिडकारला. तोंड उघडं, श्वास येईना. मला लांबून दिसत होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं, पण खांद्यावर बाज आणि चढानं दम गेलेला, ओरडलो ते तिथवर पोचलंच नाही.

तेवढ्यात मागच्या गड्याचा पाय दगडावर घसरला आणि बाज एका अंगाला कलली.

"हळू रे मेल्यानो!" पदराच्या आतून आवाज आला. "पाडतावा का आता हितंच!"

अप्पा दाराला धरून खाली बसले. रडत होते का हसत होते कळलं नाही. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि ह्या वेळी त्यांनी तो हात राहू दिला.

बाज चिंचेखाली टेकवली. अप्पांची खुर्ची शेजारी. आम्हाला वाटलं आता गळ्यात पडतील. दोघं नुसते एकमेकांकडं बघत राहिले.

"किती वाळलास रे," आत्या म्हणाल्या.

"मी येणारच होतो की. तू कामून आलीस?"

"तू येणारच होतास, येणारच होतास, किती साल झाले? हे खा. गल्लीनं तुझ्यापायी शिळं खाल्लंय, तूबी खा."

अप्पांनी भाकर खाल्ली. मग त्यांचं भांडण सुरू झालं. लहानपणी कधी त्यांची म्हैस सुटून लोकाच्या ज्वारीत गेली होती. दावं कुणी सोडलं ह्यावर. आत्या म्हणायच्या तू, अप्पा म्हणायचे तू, मार मात्र मला बसला. आम्ही सगळे घाम पुसत ऐकत बसलो. गाडीच ढकलत चिंताकीला न्यायची आणि ढकलत परत आणायची, एवढी माणसं होतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चाचांनी ते आत्ता बोलून दाखवलं. आत्या म्हणाल्या, "सकाळी कुठं होतास रे शहाण्या?"

दुपार कलल्यावर गिरणीतला बल्ब लागला. सगळे एकदम ओरडले. चाचांनी दळण बाजूला ठेवून आधी गाडीची वायर लावली. बाई गाडीपाशी उभ्या राहिल्या, काटा वर चढताना बघत. ऊन उतरायला लागलं तेव्हा म्हणाल्या, "निघायला पाहिजे."

अप्पांनी आत्यांचा हात सोडला नाही.

आत्यांनी गाडीकडं बघितलं. "आत पडून जाता येतंय का हिच्यात?"

बाईंनी पुढची सीट मागं पाडून दाखवली. जवळजवळ आडवी झाली.

"मग मी येते नौबादला. ह्या बाजेवरून परत जाणार न्हाई मी. एकदा लाज काढली तेवढी बास."

"आणि मी?" अप्पा म्हणाले.

"तू मागं बस. बारीक झालायसच."

मागं लेकराची जागा. बाई म्हणाल्या, "तुम्हाला कोंडल्यासारखं होईल." अप्पा म्हणाले, "हिला लहानपणापासून पुढंच बसायचं असतंय." आणि गुडघे छातीशी घेऊन मागं जाऊन बसले. आम्ही चादरीची झोळी करून आत्यांना उचललं आणि पुढच्या सीटवर अलगद ठेवलं. कळ आली असणार, पण शिवी आली नाही. रिकामी बाज खांद्यावरून गावात न्यायची नसते, म्हणून ती चाचांच्या गिरणीतच ठेवली.

बाई गाडीत बसल्या, दार लावलं, बटन फिरवलं. आम्ही सगळे रस्त्यावर उभे. बाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. अरे नाही, अहो नाही, काहीच नाही.

गाडी निघाली. जीप असती तर चालू होण्याच्या आवाजात सगळं बुडालं असतं. ही तशीच सरकली. पेटीएवढी झाली, मग काडेपेटीएवढी, तरी आत चाललेलं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. आत्यांचा आवाज मोठा, अप्पांचा बारीक.

"दावं तूच सोडलं व्हतंस."

"मी न्हाई. तू."

"शाणा हाईस. तूच."

मग दोघं हसले. अप्पा हसले की पाठोपाठ खोकला यायचा, मला ठाऊक होतं. मी कान देऊन उभा राहिलो. गाडी उताराला लागली, वळली, दिसेनाशी झाली. खोकला आला नाही.